जळतंय कोणाला

माझं लग्न झालं त्याच वर्षी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. दिग्रसच्या बाजारात लोक त्यावर तावातावाने बोलायचे. मला त्यातलं एवढंच कळायचं की मीही माहेरातून निघून एका माणसाच्या राज्यात आले आहे, आणि त्या माणसाला माझ्यात दुसरा वाटेकरी खपत नाही.

नवरा एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची पारख करायचा. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धरून दोन्हीकडे ओढायचा आणि सांगायचा, हा ओला आहे, हा दोन वेचण्यांचा मिसळलेला आहे. त्याचं बोट चुकत नसे. तेच बोट घरी आल्यावर माझ्यावरून फिरायचं आणि मी कुठे गेले, कोणाशी बोलले, हे जणू त्याला कातडीवरून कळायचं.

माझा मामेभाऊ एकदा दोन दिवस राहायला आला. नवरा दोन्ही दिवस गप्प. भाऊ गेल्यावर म्हणाला, "त्याच्या वरणात तूप जास्त टाकलं तू."

"पाव्हना होता तो."

"मले काहून नाही टाकत तेवढं?"

मी हसले, तर ताट तसंच ठेवून उठला. संध्याकाळी मात्र जिनातून येताना माझ्यासाठी गजरा आणला आणि मी तो केसांत घातल्यावर म्हणाला, दारात उभी राहू नको. बांगड्या भरायला कासार यायचा तेव्हा नवरा घरी असला तर खाट ओढून समोर बसे. कासाराने माझा हात दाबून बांगडी चढवली की याचा जबडा आवळे. शेजारणी म्हणायच्या, लय संशयी नवरा आहे बाई तुझा. मी वरवर हो म्हणायची. आतून मला ते फार आवडायचं. माझ्या आईकडे माझ्या बापाने कधी मान वर करून पाहिलेलं मला आठवत नाही. इथे एक माणूस माझ्या हातावरच्या परक्या बोटांनी पेटत होता. मी कोणीतरी होते.

मुलगी झाली, ती रांगायला लागली, त्या हंगामात जिनात आग लागली. कापसात खडा आला, यंत्राच्या रेच्यात ठिणगी उडाली आणि सरकी काढलेल्या रुईच्या कोठीने पेट घेतला. रुईची आग आधी दिसत नाही, आतल्या आत सरकते, आणि मग एकदम भडकते. एक हमाल आत अडकला होता. नवरा धुरात शिरला आणि त्याला काखेत धरून ओढत बाहेर घेऊन आला. हमाल वाचला. नवऱ्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मी चुन्याची निवळी आणि खोबरेल फेटून त्याच्या हाताला लावत होते. मला वाटलं हा कण्हेल, जिनाच्या मालकाला शिव्या घालेल. पण तो आपल्या हाताकडे असं पाहत होता जसं दुकानात ठेवलेल्या वस्तूकडे पाहावं.

"दुखून राह्यलं का?" मी विचारलं.

"हाताले दुखून राह्यलं," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तुले एक सांगू? हसशीन नाही ना?"

"नाही."

"धुरात शिरलो ना, तवा पाय पळत होते, हात भाजत होता, तोंड वरडत होतं. आन् मी हे सारं पाहून राह्यलो होतो. मी पळतच नव्हतो. जसा कोनी उभा आहे अन् पाहून राह्यला. भेव नाही, घाई नाही. मंग बाहेर आलो अन् ते गेलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तो पाहत होता तो कोन होता?"

मी म्हटलं, "धूर डोक्यात गेला असन." आणि हातावर फडकं गुंडाळलं. आज वाटतं, त्या वेळी मी दुसरं काही बोलले असते तर कदाचित तो हा प्रश्न घेऊन दुसरीकडे गेला नसता. पण तसंही नसेल. मला काय माहीत होतं त्यातलं?

जिनातल्या कोणीतरी त्याला सांगितलं, आर्णीला एक म्हातारे पटवारी आहेत, नोकरीतून निवृत्त झालेले. वेदान्त वाचलेला माणूस आहे, असल्या गोष्टी तेच सांगतील. हात बरा झाल्यावर नवरा एका सुटीच्या दिवशी सर्व्हिस मोटारीने आर्णीला गेला. मग पुढच्या सुटीला पुन्हा. मग दर सुटीला.

आणि घरात माझ्या डोळ्यांदेखत एक एक गोष्ट नाहीशी होऊ लागली. पहिल्यांदा राग गेला. आमटी खारट झाली तर पाणी घालून जेवायचा. मग चौकशी गेली. मी शेजारी उशिरापर्यंत बसले तरी कुठे होतीस हा प्रश्न नाही. मुलीला खेळवायचा, माझ्याशी गोड बोलायचा, उलट पूर्वीपेक्षा गोडच. पण तसं गोड तो दूधवाल्याशीही बोलायचा. हेच मला सहन होईना. गोडवा सगळ्यांना सारखा वाटायचा असेल तर बायको कशाला केली?

कासार आला तेव्हा मी मुद्दाम नवऱ्याला घरी थांबवलं. हात पुढे केला, कासाराशी हसून बोलले, बांगडी अडकत नसताना "अगंगं" केलं. नवरा आतून आला, कासाराला म्हणाला, "चहा घेतं का?" आणि स्वतः चूल पेटवायला बसला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "हिरव्या चांगल्या दिसून राह्यल्या."

त्या दुपारी त्या नव्या बांगड्यांतल्या दोन मी भिंतीवर आपटून फोडल्या. माझ्यापायी जळणारा नवरा होता, तो गेला होता. आता जळायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि कोणावर जळायचं तेही ठाऊक नव्हतं.

शेजारीण म्हणाली, "अवं, पुरुष मानूस असा एकाएकी थंड होत नाही. आर्णीले कोनी असन."

मलाही तसंच वाटत होतं. खरं तर वाटून बरं वाटत होतं. सवत असती तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. तिला नाक असतं, डोळे असते, तिचं माझं काय कमी-जास्त आहे ते तरी कळलं असतं.

पुढच्या सुटीला तो गेल्यावर मी मुलीला कडेवर घेतलं आणि मागच्या मोटारीने आर्णीला गेले. पटवारीबाबांचं घर विचारल्यावर एका पोराने बोटाने दाखवलं. मातीच्या भिंतींचं, पुढे ओटा, बाजूला कडुलिंब. मी फाटकातून पाहिलं आणि तिथेच थिजले.

ओट्यावर खाटेवर एक म्हातारा आडवा होता. लकवा मारलेला, एक हात छातीवर मेल्यासारखा पडलेला. खाली दगडावर माझा नवरा त्याचं धोतर धूत होता. नुसतं धूत नव्हता, मन लावून, टोकापासून टोकापर्यंत घासत होता. धोतर कशाने खराब झालं होतं ते वासाने कळत होतं. हाच माणूस, कासारासाठी एकदा चूल पेटवली ती सोडली तर, घरी जेवल्यावर आपलं ताट उचलत नाही, पाण्याचा गडू त्याच्या हातात द्यावा लागतो. मुलीचा लंगोट त्याने कधी बोटाने धरला नव्हता.

आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई सुपात तूर पाखडत होती. माझ्याच वयाची. कपाळ मोकळं, पांढरं लुगडं. ती काहीतरी बोलली, आणि माझा नवरा धोतर पिळता पिळता हसला. जिनाला आग लागण्यापूर्वी माझ्यासाठी हसायचा तसं.

मी आत शिरले. त्याने मान वर केली. गडबडला नाही, लपला नाही, याचाच मला जास्त राग आला.

"आली तू? बरं झालं," तो म्हणाला, आणि त्या बाईला, "पानी दे तिले. उन्हाची आली."

"मले नाही पाह्यजे पानी," मी म्हटलं.

खाटेवरून म्हातारा जड जिभेने म्हणाला, "कोन आलं?"

"मी. यायची बायको."

"हे झालं नातं. तू कोन?"

माझं डोकं फिरलं. "बाबा, मी भाकरी टोपल्यात तशीच टाकून आली. मले कोडे नका घालू."

म्हातारा हसला, अर्धंच तोंड हसलं. "राग आला?"

"आला."

"कोनाले आला?"

"मले!"

"मले म्हन्जे कोनाले?"

"मले म्हन्जे मले! या लुगड्यात उभी आहे तिले! लेकरू कडेवर आहे तिले! काहून, दिसत नाही का तुमाले?"

सुपाजवळची बाई तोंडाला पदर लावून हसू लागली. म्हातारा नवऱ्याला म्हणाला, "लय खरी बाई आहे रे तुयी. बसव तिले. अन् हिले सांग, भजे कर म्हना."

ती बाई पटवारीबाबांची सून होती. बाबांचा एकुलता मुलगा लग्नानंतर वर्षाच्या आत गेला होता. बाबा त्या दुःखातच पोथ्यांकडे वळले, आणि मग त्यांना लकवा झाला. सून माहेरी न जाता सासऱ्याचं करत राहिली. हे मला तिने भजी तळता तळता सांगितलं. मी पाटावर बसून तिचं नाक, तिची मान, तिचे हात पाहत होते. माझ्याहून सावळी होती. हात माझ्याहून चांगले होते.

मोटारीत परतताना मी नवऱ्याला म्हटलं, "पुढच्या वेळी मी बी येईन."

त्याला खरोखर आनंद झाला. मी पहाऱ्याला येते आहे हे त्याच्या मनातही आलं नाही. पूर्वीचा असता तर लगेच ओळखलं असतं.

अशी मी वेदान्ताच्या वाटेला लागले. लोक मुमुक्षू होऊन जातात, मी नवऱ्यावर डोळा ठेवायला गेले. दर सुटीला आम्ही तिघं आर्णीला जायचो. नवरा बाबांना आंघोळ घालायचा, अंग पुसायचा, मग बाबा बोलायचे. ऐकायला गावातले दोन-चार जण असायचे, ते कधी यायचे, कधी नाही. सून कामं करता करता ऐकायची. मी मुलीला मांडीवर घेऊन नवऱ्याच्या आणि तिच्या मधोमध बसायची.

बाबा संतासारखे वगैरे नव्हते. तंबाखूवर रुसायचे, सुनेला शिव्या द्यायचे. पण एखादी गोष्ट धरली की सोडत नसत. एकदा नवऱ्याला म्हणाले, "तू कापूस पारखतं ना? हातात घेतला का सांगतं, हा ओला, हा कोरडा, हा लांब धाग्याचा. आता सांग, पारखनारा कसा आहे? ओला का कोरडा?"

नवऱ्याने आपल्या रिकाम्या चिमटीकडे पाहिलं. मग हळू म्हणाला, "त्याले हातात घेता येत नाही."

"हां. राग आला, पारखला. भेव आलं, पारखलं. माया आली, पारखली. ते समदं ढिगातलं. पारखनारा ढिगात नाही."

मी मध्येच म्हटलं, "पारखनारा माया नवरा आहे. त्याले दिग्रसात समदे ओळखतात."

बाबांना माझं असं बोलणं आवडायचं. ते मला उचकवायचे. "बरं, तू सांग. जागेपनी तू याची बायको. सपनात कधी माहेरची पोरगी असशीन. अन् गाढ झोपेत? तिथं कोनाची बायको असतं तू?"

"झोपेत बी मी यायचीच बायको अन् हिची माय असतो," मी म्हटलं. "कशीबी गाढ झोप असू द्या, पोट्टी रडली का मीच उठतो. हे नाही उठत."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी एक डोळा माझ्यावर रोखला. "पोरगी रडली तवा तू झोपेत होती ना?"

"हो."

"मंग ऐकलं कोनं?"

मी मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. खरंच, मी तर नव्हते. नाव नव्हतं, घर नव्हतं, नवरा नव्हता. आणि तरी कोणीतरी जागं होतं, ज्याने त्या रडण्याला दार उघडलं. क्षणभर ओटा, कडुलिंब, माणसं, सगळं फार स्वच्छ दिसलं. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्यालाही कळलंय का मला कळलं ते पाहायला. तो सुनेकडे पाहत होता. ती त्याच्याकडे. "आता हिलाही उमगायला लागलं" अशी ती नजर होती, दोन मोठ्या माणसांनी लेकराच्या पहिल्या पावलाकडे पाहून एकमेकांना दाखवावं तशी. माझ्यातलं ते स्वच्छ तिथल्या तिथे गढूळ झालं.

त्यानंतर मी ईर्ष्येने शिकले. देह मी नाही, मन मी नाही, हे मला तोंडपाठ झालं. बाहेरचा कोणी शंका घेऊन आला तर बाबा म्हणायचे, हिला विचार. मी धडाधड सांगायची. नवरा कौतुकाने ऐकायचा. पण त्याच्या आणि सुनेच्या मध्ये जे होतं त्याला बोलणंच लागत नव्हतं. त्यांची वाक्यं अर्ध्यात थांबायची आणि दुसऱ्याला पोचायची. एकदा ती म्हणाली, "काल तूर निवडता निवडता मी नव्हतीच."

नवऱ्याचे डोळे भरून आले. "मंग?"

"मंग काय. तूर निवडून झाली."

दोघंही हसत सुटले. मी पण हसले, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. त्या हसण्याने मला जे झालं ते मी त्यांना एका खाटेवर पाहिलं असतं तरी झालं नसतं. खाटेवरचं मी भांडून घेतलं असतं. हे कुठल्या पंचायतीत नेऊ?

शेवटी मी तिला विहिरीवर गाठलं. बाबा झोपले होते, नवरा मुलीला घेऊन बाजारात गेला होता. तिने बादली सोडली होती. मी सरळ विचारलं, "तुले माया नवरा पाह्यजे का?"

दोर तिच्या हातात थांबला. मला वाटलं, आता ती साक्षी, आत्मा असलं काहीतरी बोलेल आणि मी तिला विहिरीत ढकलेन.

"वाटला होता," ती म्हणाली. "पहिले पहिले लय वाटला होता. काहून नाही वाटनार? मी काय दगड आहे? सासऱ्याचं हागलं-मुतलं काढता काढता एक मानूस येते, माया हातातलं धोतर घेते, म्हन्ते तू बस. मले कोनी बस म्हटलं नव्हतं, लग्न झाल्यापासून."

"मंग?"

"मंग काही नाही. त्याले कधी सांगितलं नाही. आतून वर आलं का मी पाहो. पाहो अन् पुन्यांदा पाहो." तिने बादली ओढायला सुरुवात केली. "आता पहिल्यासारखं राह्यलं नाही. पन एक सांगतो तुले. तुमी सांजच्या मोटारीत बसतं ना, पोट्टी तुया मांडीवर, तो बाजूले, तवा मी आतून कडी लावून घेतो. मोटारीचा आवाज आयकू येते ना इथपर्यंत."

तिला माझा हेवा वाटत होता! मला काय वाटावं ते कळेना. आधी विजय वाटला, अगदी गोड. मग लाज. मग पुन्हा हेवाच वाटला, कारण ती ते इतकं सहज बोलली. माझ्या ओठांवर असं खरं कधी आलं असतं?

त्या सांजेला मोटारीत नवरा माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. मुलगी मांडीवर. बाहेर पऱ्हाटीची शेतं मागे पळत होती, बोंडं फुटली होती. माझ्या छातीत ते नेहमीचं जळत होतं. आणि मला, कोणी न विचारता, बाबांचा प्रश्न आठवला. जळतंय कोणाला? मी आत पाहिलं. आणि काय सांगू, जळणं तिथे होतं, चुलीसारखं धगधगत होतं, पण ज्याला चटका बसावा असं कोणी तिथे नव्हतं. शेतं दिसत होती, नवऱ्याच्या श्वासाचा वास येत होता, छाती जळत होती, सगळं सारखंच दिसत होतं, आणि दिसण्याला काही झळ नव्हती. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. इतकी शांतता मला ना आधी माहीत होती ना नंतर.

मग विचार आला, हे तिला सांगायला पाहिजे. तिचं तोंड कसं होईल! आणि झालं, मी परत आले, लुगड्या-बांगड्यांसकट. दिग्रस येईपर्यंत मी तिला काय शब्दांत सांगायचं ते जुळवत होते.

सांगायला मिळालंच नाही. पुढची सुटी यायच्या आधी आर्णीहून निरोप आला, बाबा गेले. आम्ही पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. नवऱ्याने खांदा दिला, सगळं केलं, मुलासारखं. रडला नाही. लोक म्हणाले, ज्ञानी शिष्य आहे. मला त्याच्या न रडण्याचाही थोडा राग आला आणि थोडा दिलासा वाटला. चला, म्हटलं, हा कोणासाठीच पेटत नाही, मग एकट्या माझ्यासाठीच पेटत नाही असं तरी नाही.

तेरवी झाल्यावर सुनेचा भाऊ तिला न्यायला आला. तो मारेगावकडे शेती करायचा. घर बाबांच्या पुतण्यांकडे गेलं. आम्ही तिला मोटारीवर पोचवायला गेलो. तिच्याजवळ एक ट्रंक आणि बोचकं. तिने माझ्या मुलीच्या गालाची पापी घेतली, मला मिठी मारली. नवऱ्याच्या पायाला हात लावायला वाकली तर तो मागे सरकला. मोटार सुटली.

घरी आल्यावर नवरा भिंतीला टेकून बसला. मी ताट वाढलं. त्याने हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी जिनात गेला आणि दुपारीच परत आला. म्हणाला, "आज बोटाले कळून नाही राह्यलं. ओला कापूस कोरडा सांगितला." आणि पुन्हा त्याच भिंतीला टेकला.

मी समोर जाऊन बसले. "दुखून राह्यलं का?"

"हो."

आर्णीला शिकलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. मी विचारलं, "कोनाले?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं हा म्हणेल, मनाला. छातीला. तो म्हणाला, "मले."

आणि रडायला लागला. तोंड वेडंवाकडं करून, नाकाला पाणी येईपर्यंत, मुलगी घाबरून माझ्यामागे लपेपर्यंत. ज्या माणसाची मी आग लागल्यापासून वाट पाहत होते, तो माणूस परत आला होता. 'मले' म्हणणारा. तो परत आला, पण माझ्यासाठी आला नव्हता.

"बाबासाठी रडून राह्यले का तिच्यासाठी?" मी विचारलं.

त्याने पंच्याने नाक पुसलं. मग म्हणाला, "खरं सांगू? मले माहीत नाही."

मी त्याला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते? त्याचं डोकं माझ्या छातीवर होतं आणि त्याच्या आसवांनी माझी चोळी ओली होत होती, आणि त्या आसवांतलं कुठलं कोणाचं हे मी चाचपून पाहत होते. मला त्याची कीव येत होती, आणि मी जळत होते, दोन्ही एकाच वेळी. मोटारीतली ती शांतता मी पुष्कळ शोधली. आली नाही.

हळूहळू तो सावरला. पुन्हा कोणाकडे गेला नाही. सकाळी थोडा वेळ डोळे मिटून बसायचा, मग कामाला जायचा. आमटी खारट झाली तर सांगायचा. दुसरं मूल झालं, त्याचे लंगोट त्याने धुतले. आर्णीचं नाव आमच्या घरात निघत नसे. मी काढत नसे आणि तोही.

पुष्कळ वर्षांनी, महाराष्ट्र होऊनही बराच काळ झाला होता, मी नात्यातल्या एका लग्नाला मारेगावला गेले. नवऱ्याला हंगामामुळे येता आलं नाही. लग्नघरी विचारलं तर बाबांच्या सुनेच्या भावाचं शेतातलं घर जवळच निघालं. मी दुपारची गेले.

ती अंगणात भावाच्या पोरांच्या गराड्यात बसली होती. जाड झाली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. मला ओळखलं आणि इतक्या जोरात हाक मारली की भावजय आतून बाहेर आली. चहा झाला. भावजय आत गेल्याबरोबर ती माझ्या कानाशी लागली, "लय चिंगूस आहे. साखरेचा डबा कुलपात ठेवते. मी काय खाऊन टाकनार आहे का? अंगाची आग आग होते मायी."

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. हिच्यावर मी जळले होते! जिला तूर निवडताना 'मी' सापडत नव्हती, ती साखरेच्या डब्यावरून पेटत होती.

"तुयं ते गेलं का मंग?" मी विचारलं. "बाबाजवळचं?"

"ते?" तिने एका पोराचं नाक पुसलं. "ते कुठी जाईन? आहे तिथंच. पन मी बी आहे ना. आमी दोघं राह्यतो एका घरात." आणि पोराला म्हणाली, जा खेळ.

मग तिने विचारलं, "तो कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. आणखी काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. निघताना तिने मला तिच्या शेतातली तुरीची डाळ बांधून दिली.

दिग्रसला आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की ती भेटली. तो कापसाच्या धुळीने पांढरा झालेला, हातपाय धूत होता. त्याचा हात पाण्यात थांबला.

"बरी आहे?"

"बरी आहे. जाड झाली."

त्याने तोंड पुसलं. मग, पंचा खांद्यावर टाकत, उगाचच विचारल्यासारखं विचारलं, "काही म्हने का?"

ती जे बोलली होती ते एक वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. ते ऐकून त्याचा चेहरा कसा उजळला असता हे मला ठाऊक होतं. बाबांच्या पायाशी बसून आम्ही तिघांनी जे ऐकलं, ते सगळं तिने त्या एका वाक्यात, पोराचं नाक पुसता पुसता सांगून टाकलं होतं.

"नाही," मी म्हटलं, "काही खास नाही. भावजयीचे गाऱ्हाणे सांगत होती." आणि त्याचं ताट वाढायला आत गेले.